रिव्हेन्डेल: लावायला ठीक, थांबवायला किती सोपं?

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागल्याचं कळल्यापासून निवेदकाचा आवाज हवेत जाईपर्यंत किती सेकंद जातात? कोकण किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रासाठी ऑटोमेशन सॉफ्टवेअर निवडायचं तर आमच्या मते आधी हे मोजावं. एकामागून एक गाणी लावणं आज फुकटातल्या कुठल्याही प्लेअरला जमतं. जाहिराती, जिंगल, शेतीचा कार्यक्रम, रात्रीचं भजन वेळेवर सोडणंही बहुतेकांना जमतं. मधेच माणसाला जागा करून द्यायची वेळ आली, आणि त्याचं बोलणं संपल्यावर दिवसाची घडी न विस्कटता पुन्हा रुळावर यायचं असलं, की बरीच सॉफ्टवेअरं उघडी पडतात. रिव्हेन्डेल हे फुकट मिळणारं ऑटोमेशन सॉफ्टवेअर या परीक्षेत उतरतं. मात्र त्यासाठी केंद्राला आधी चांगला घाम गाळावा लागतो.

हे परीक्षण ५० वॅटच्या सामुदायिक केंद्राला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. म्हणजे एक स्टुडिओ, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ३० मीटरच्या आतला मनोरा, मानधनावरचे दोन-तीन निवेदक आणि कम्प्युटरचं थोडंफार कळणारा एक जण. मोठ्या खासगी एफएमवाल्यांची गणितं वेगळी असतात, ती इथे नाहीत.

रिव्हेन्डेल २००२ साली अमेरिकेत सेलम रेडिओ लॅब्जमध्ये सुरू झालं. फ्रेड ग्लीसन हे त्याचे मुख्य कर्ते. जीपीएल या मुक्त वापराच्या परवान्यावर ते फुकट मिळतं आणि लिनक्सवर चालतं. पॅराव्हेल सिस्टिम्स ही कंपनी पैसे घेऊन मदत देते, पण आपल्याकडची बहुतेक केंद्रं ती घेणार नाहीत, म्हणून तिचा विचार गुणांकनात केलेला नाही. हा एकच प्रोग्रॅम नसून सात-आठ प्रोग्रॅमांचं कुटुंब आहे. आवाजाचं कोठार सांभाळणारं आरडीलायब्ररी, दिवसाचा आराखडा, म्हणजे ‘लॉग’, करणारं आरडीलॉगमॅनेजर, तो दुरुस्त करणारं आरडीलॉगएडिट, ठरल्या वेळी रेकॉर्डिंग करणारं आरडीकॅच आणि प्रत्यक्ष हवेत सोडणारं आरडीएअरप्ले. सगळ्यांच्या मागे एकच डेटाबेस.

पहिल्यांदा उघडणारा माणूस दोन शब्दांवर अडतो: कार्ट आणि कट. गाणं, जाहिरात, जिंगल जे काही असेल ते सगळं इथे ‘कार्ट’. त्या कार्टच्या पोटात एक किंवा अनेक ‘कट’. हे शब्द कम्प्युटरच्याही आधीचे आहेत. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनच्या ऑटोमॅटिक टेप कंट्रोलने जाहिरातींसाठी न संपणाऱ्या फितीची डबी बाजारात आणली, तिचं हे नाव. डबीतली फीत गोल फिरून पुन्हा सुरुवातीला यायची आणि १ किलोहर्ट्झचा न ऐकू येणाऱ्या ट्रॅकवरचा सूर लागला की थांबायची. तो सूर कधी पुसट झाला तर डबी थांबत नसे, तीच जाहिरात पुन्हा सुरू होई. अशा २४ डब्या चक्रावर मांडलेलं कॅरोसेल आलं, आणि माणसाने हात न लावता जाहिराती लागू लागल्या.

त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, पॉल शेफर यांनी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या केंद्रासाठी जुकबॉक्स आणि टेपरेकॉर्डर एकत्र जोडून स्वयंचलित यंत्रणा उभी केली होती. पुढे संगीताची मोठी रिळं आली. साडेदहा इंची रीळ, अडीच हजार फूट फीत, सेकंदाला साडेसात इंच वेग: एका रिळात सहासष्ट मिनिटं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी २५ हर्ट्झचा खोल सूर भरलेला असे. यंत्राने तो ओळखला की पुढचं मशीन सुरू, आणि श्रोत्यांपर्यंत जाऊ नये म्हणून तो वाटेत फिल्टरने गाळला जाई. गंमत अशी की गाण्यातच ऑर्गनचा खर्जाचा सूर लागला तर यंत्राला तो गाणं संपल्याचा इशारा वाटू शके आणि पुढचं गाणं आधीच्याच्या डोक्यावर येऊन बसे. रिव्हेन्डेलमध्ये त्या सुराची जागा ‘सेग्यू’ खुणेने, म्हणजे पुढचं गाणं कुठे सुरू व्हावं हे सांगणाऱ्या खुणेने, घेतली आहे. ती तुम्ही लहरीच्या चित्रावर माउसने लावता, त्यामुळे पखवाजाच्या घुमाऱ्याने ती चुकत नाही. ती चुकते ती लावणाऱ्याने घाई केली तर.

त्या काळच्या निवेदकांचं काय झालं हे इथे सांगण्याला कारण आहे, कारण तेच आपल्याकडे होऊ घातलं आहे. यंत्र आलं आणि खुर्चीतल्या माणसाला रातोरात उठवलं, असं चित्र साधारण रंगवलं जातं. प्रत्यक्षात अमेरिकेत ऑटोमेशनला खरा जोर आला तो १९६० च्या दशकात, आणि तो एका सरकारी नियमामुळे. मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांनी आपल्याच एएम केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा दिवसभर चालवू नये, असं तिथल्या संचार आयोगाने १९६४ मध्ये ठरवलं. मालकांकडे दुसऱ्या केंद्रासाठी कार्यक्रम नव्हते आणि निवेदक ठेवायची तयारीही नव्हती. त्यांनी रिळं आणि कॅरोसेल विकत घेतले. म्हणजे असं की, खुर्चीत बसलेला निवेदक बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला, पण दुसरी खुर्ची कधी मांडलीच गेली नाही. छोट्या केंद्रावर रिव्हेन्डेल आणलं की नेमकं हेच होतं. सकाळचा निवेदक राहतो. दुपारच्या निवेदकाची जाहिरात निघत नाही. कुणाला काढल्याची नोंद नाही, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. आवाजाचं कोठार बांधणं हे सगळ्यात मोठं काम, आणि केंद्रं सगळ्यात जास्त चुका इथेच करतात. कॉम्प्रेस न केलेल्या स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. ५,००० गाणी, सरासरी पाच मिनिटांची, म्हणजे २५० ते २६५ जीबी. ५०० जीबीची एसएसडी पुरते, त्याहून लहान घेऊ नये. गाणी आत घेताना ‘ऑटोट्रिम’ नावाची सोय सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापते. सिनेमातल्या गाण्यांना ती ठीक. पण अभंगाच्या आधी चाळीस सेकंद तानपुरा वाजतो आणि टाळ हळूहळू चढतात, तिथे ती बेधडक कात्री चालवते. लोककलेच्या आणि भजनाच्या गटासाठी ऑटोट्रिम बंद ठेवा, किंवा तिची पातळी उणे ५० डेसिबलच्या आसपास खाली न्या. उलट, समुद्राच्या काठावर मोबाइलवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गाज कधी थांबतच नाही, तिथे ऑटोट्रिमला काही कापायलाच सापडत नाही. अशा ध्वनिफितींच्या खुणा हातानेच लावाव्या लागतात.

शीर्षकं कुठल्या लिपीत लिहायची ते पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लावा. एकाने रोमनमध्ये ‘पहाटे’ एका स्पेलिंगने लिहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या, तिसऱ्याने देवनागरीत, आणि मग हवेत असताना शोधणाऱ्याच्या हाती तीनांतलं एकच लागायचं. कार्टला सहा आकड्यांपर्यंतचा क्रमांक असतो, आणि प्रत्येक गटाला क्रमांकांची हद्द आखून देता येते. जाहिराती एका पट्ट्यात, भजनं दुसऱ्यात, सूचना तिसऱ्यात. क्रमांक पाठ झालेला निवेदक शीर्षक शोधणाऱ्यापेक्षा नेहमीच लवकर हवेत पोहोचतो.

बॅकअपबद्दल एक ताकीद. डिस्कवरच्या फायलींची नावं नुसते आकडे असतात: कार्टचा क्रमांक, कटचा क्रमांक, संपलं. कुठल्या आकड्यात कुठलं गाणं हे फक्त डेटाबेसला ठाऊक. म्हणून आवाजाचा फोल्डर आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत एकाच दिवशी घ्यायची. नुसता फोल्डर वाचला तर हाती पाच हजार निनावी फायली उरतात, आणि नुसता डेटाबेस वाचला तर गाणी नसलेली गाण्यांची यादी.

एक सोय मात्र कोकणासाठीच केल्यासारखी आहे. प्रत्येक कटला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख-वेळ देता येते, वार आणि दिवसातले तासही ठरवता येतात. भरती-ओहोटीच्या सूचनेसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ‘भरती’ नावाचं एकच कार्ट करा, त्यात महिन्याच्या तीस दिवसांचे तीस कट. प्रत्येक कट फक्त त्या दिवसापुरता, रात्री बारा ते पुढच्या रात्री बारापर्यंत वैध. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे महिन्याचा छापील तक्ता समोर घेऊन एका बैठकीत तीसही वाचून होतात. दिवसाच्या आराखड्यात फक्त ‘भरती’ लिहायचं, योग्य कट ते आपोआप उचलतं.

यात एक खड्डा आहे. कटला ‘एव्हरग्रीन’ म्हणून खूण करता येते, म्हणजे दुसरा कुठलाही कट वैध नसेल तर हा लावायचा. जाहिरातीला, जिंगलला हे उपयोगी. भरतीच्या कार्टमध्ये मात्र चुकूनही एव्हरग्रीन ठेवू नका. पुढच्या महिन्याचं वाचन करायला कुणी विसरलं तर त्या जागी काहीच न लागणं बरं. गेल्या महिन्यातली उधाणाची वेळ छातीठोकपणे सांगणारा गोड आवाज खाडीत होडी घालणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

वेळ सांगण्याच्या बाबतीत मात्र रिव्हेन्डेल थोडं कोरडं आहे. जुन्या कॅरोसेलच्या जमान्यात यासाठी दोन वेगळी यंत्रं असत, एकात सम मिनिटं आणि दुसऱ्यात विषम. एक बोलताना दुसरं पुढच्या मिनिटावर सरकून तयार राहायचं. मधे वीज गेली की यंत्रं घड्याळाच्या मागे पडत आणि कुणी येऊन जुळवेपर्यंत चुकीची वेळ त्याच थाटात सांगत राहत. विंडोजवरचं फुकट मिळणारं झारारेडिओ आज हे काम सहज करतं: तासांच्या फायली आणि मिनिटांच्या फायली वेगळ्या रेकॉर्ड करून ठेवल्या की ते जोडून बोलतं. ‘सात वाजले’ असं ठोक तासाला बोलायची वेगळी फाइल ठेवायचीही सोय आहे, ती मराठीला गरजेचीच, कारण ‘सात वाजले’ आणि ‘सात वाजून’ यांत फरक आहे. आणि ‘एक वाजला’ हे एकवचन तिथेच बसतं.

पण सव्वासात? साडेसात? पावणेआठ? तासाची फाइल अधिक मिनिटाची फाइल या हिशेबात ‘सात वाजून पंधरा मिनिटं’च निघतात. दीड आणि अडीच तर त्यात बसतच नाहीत. दुपारी ‘एक वाजून तीस मिनिटं’ असं ऐकून कुणाचं काही बिघडत नाही, पण समोर माणूस नाही हे श्रोत्याला त्या एका वाक्यात कळतं. आमची शिफारस: रेकॉर्ड केलेली वेळ नकोच. वेळ सांगायची ती हजर निवेदकाने. निवेदक हजर नसेल त्या तासांत ती न सांगितलेली बरी.

झारारेडिओचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकू: एकाच कम्प्युटरवर, विंडोजमध्ये, फोल्डरमधून गाणी लावायची एवढीच गरज असेल तर ते अर्ध्या दिवसात शिकून होतं. रिव्हेन्डेल अंगवळणी पडायला रोज वेळ दिला तरी दोन-तीन आठवडे जातात. दोन कम्प्युटरवरून एकाच वेळी काम करायचं असेल, म्हणजे एकावर प्रसारण चालू असताना दुसऱ्यावर उद्याचं रेकॉर्डिंग, तिथे झारारेडिओ मागे पडतं.

आता मूळ परीक्षा: मधे घुसणं. आरडीएअरप्लेच्या पडद्यावर आराखड्याची रांग दिसते, प्रत्येक ओळीला तिचं सुरू-बंद करण्याचं बटण असतं आणि उरलेले सेकंद दाखवणारं एक वर्तुळ झिजत जातं. वर ‘मोड’चं बटण आहे, त्याच्या तीन अवस्था. ‘ऑटोमॅटिक’मध्ये सगळं आपोआप: ओळीमागून ओळ, आणि ठरल्या वेळेच्या ओळी ठरल्या ठोक्याला. ‘लाइव्हअसिस्ट’मध्ये ओळीमागून ओळ चालूच राहते, पण वेळेला बांधलेल्या ओळी वेळेवर उडी मारून येत नाहीत. ‘मॅन्युअल’मध्ये प्रत्येक ओळ हाताने सुरू केल्याशिवाय काही लागत नाही.

तातडीची सूचना द्यायची तर क्रम असा. मोड मॅन्युअलवर. चालू गाण्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली. बटणाने कापू नका, फेडरने दोन सेकंदांत उतरवा. माइकचा फेडर वर. बोलणं. मग पुढच्या ओळीचं बटण दाबून ती सुरू करा, माइक खाली, आणि मोड परत ऑटोमॅटिकवर. सरावाच्या हाताला माइक उघडेपर्यंत तीन-चार सेकंद लागतात. एवढ्यात दुसरं फुकट सॉफ्टवेअर हे करून देत असेल तर त्याचंही स्वागत आहे.

चूक होते ती शेवटच्या पायरीवर. घाईत ऑटोमॅटिकऐवजी लाइव्हअसिस्टवर टिचकी बसते. सूचना देऊन होते, पुढचं गाणं आपोआप सुरू होतं, सगळं ठीक वाटतं, निवेदक पाणी प्यायला जातो. आणि आकाशवाणीच्या बातमीपत्राची वेळ येते तेव्हा ते लागतच नाही, कारण लाइव्हअसिस्टमध्ये वेळेची बांधणी सुटलेली असते. म्हणून कन्सोलवर, म्हणजे फेडर असलेल्या मिक्सरवर, नाकासमोर एक चिठ्ठी हवी: ‘मोड काय आहे?’ एवढंच लिहिलेली.

दुसरी अडचण लांबलेल्या बोलण्याची. वादळाच्या दिवशी वीस मिनिटं थेट बोलावं लागलं तर आराखडा वीस मिनिटं मागे पडतो. पुढची वेळेला बांधलेली ओळ ‘ताबडतोब सुरू’ या प्रकाराची असेल तर रिव्हेन्डेल मधल्या सगळ्या ओळी ओलांडून थेट तिच्यावर जातं. गाणी राहिली तर राहिली, पण त्या ओळींत जाहिराती असतील तर त्या बुडतात. बातमीपत्राला ‘ताबडतोब’ ठेवा, बाकी वेळेच्या ओळींना ‘चालू ओळ संपल्यावर’ हा प्रकार द्या, आणि बोलून झालं की राहिलेल्या जाहिराती ‘मूव्ह’ बटणाने पुढे सरकवा. सामुदायिक केंद्राला २०२४ च्या सुधारित धोरणाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिराती चालवता येतात, म्हणून मागच्या तासाच्या जाहिराती पुढच्या तासात कोंबताना बेरीज एकदा करून घ्यावी.

बातमीपत्राचं सहक्षेपण मोबाइल ॲपमधून घेऊ नये. इंटरनेटवरून येणारा आवाज मूळ प्रसारणाच्या मागे असतो, आणि किती मागे हे रोज बदलतं. ठोक्याला उघडलेल्या फेडरमध्ये आधी मागच्या कार्यक्रमाची शेपटी ऐकू येते आणि शेवटी बातम्यांचं शेवटचं वाक्य कापलं जातं. साधा चांगला ट्यूनर, छपरावर अँटेना, कन्सोलला वेगळी लाइन. रिव्हेन्डेलमध्ये हे मॅक्रो कार्टने जोडता येतं.

मॅक्रो कार्ट म्हणजे ज्यात आवाज नसून आज्ञा आहेत असं कार्ट. याच मार्गाने एक लाल बटण करून घ्यावं, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. छोटा मायक्रोकंट्रोलर नेटवर्कवरून आज्ञा पाठवतो आणि मोड मॅन्युअलवर जातो, म्हणजे पडद्यावर टिचकी मारायची पायरीच उरत नाही. पावसाळ्यात हात ओले असतात, पडदा टचस्क्रीन असेल तर तो नेमका तेव्हाच ऐकत नाही.

साउंड कार्डात कंजुसी नको. निदान दोन स्वतंत्र स्टिरिओ आउटपुट हवेत, एक हवेत जाणारं आणि एक हेडफोनवर आधी ऐकून बघायचं. मदरबोर्डच्या एकाच आउटपुटवर दोन्ही लावली तर निवेदकाने चाचपून बघितलेलं गाणं श्रोतेही ऐकतात.

आता व्हॉइस ट्रॅकिंग, म्हणजे निवेदन आधीच रेकॉर्ड करून आराखड्यात बसवणं. निवेदकांना या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात मोठा तोटा, दोन्ही इथेच. आरडीलॉगएडिटमध्ये दोन गाण्यांच्या मधे आवाजाची जागा ठेवता येते. मागच्या गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात लहरींच्या चित्रात दिसते, कानावर पडते, आणि त्यांच्या मधे तुम्ही बोलता. तीन तासांच्या कार्यक्रमात तीस-तीस सेकंदांची चोवीस निवेदनं धरली तर बोलणं बारा मिनिटांचं. अडखळणं, पुन्हा घेणं धरून पाऊण तासात तीन तास तयार.

इथे केंद्रचालकाच्या मनात पहिला विचार येतो तो मानधनाचा, आणि तो नेमका चुकीच्या दिशेने जातो. खुर्चीतल्या तासांवर पैसे देणारं केंद्र तीन तासांऐवजी पाऊण तासाचे पैसे देऊ लागलं की चांगला आवाज पुढच्या महिन्यात दुसरं काम शोधतो. मानधन कार्यक्रमावर ठेवा. वाचलेले सव्वादोन तास निवेदकाला गावात पाठवायला वापरा: मच्छीमार सोसायटीत, दशावताराच्या तालमीला, आंब्याच्या पेटीचा भाव विचारायला. नाहीतर व्हॉइस ट्रॅकिंगमधून आलेला कार्यक्रम चार आठवड्यांत नुसता ‘आणि आता ऐकू या’ एवढ्यावर येतो. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांना महिन्यातल्या मोजक्या ड्यूट्यांवर घर चालवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सामुदायिक केंद्राने त्याचीच छोटी आवृत्ती काढायचं कारण नाही.

आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड केलेल्या आवाजाला काही शब्दांची बंदी हवी. ‘आत्ता’, ‘सध्या’, ‘बाहेर’ हे तीन पहिले. पाऊस, ऊन, वारा, लाइट, रस्ता, एसटी, होड्या यांबद्दल एक अक्षर नाही. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत चढत होतं. आदल्या रात्री तयार केलेल्या कुठल्याही आराखड्याला, तो कितीही सुबक असो, अशा पहाटे काही अर्थ उरत नाही. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पहाटेची पाळी हजर निवेदकाचीच असावी, आणि ऑटोमेशनने दुपार आणि रात्र सांभाळावी. मासेमारीबंदी १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. म्हणजे ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात असतात आणि पाऊस गेलेला नसतो. त्या दिवसांत पहाटेची खुर्ची रिकामी ठेवणं म्हणजे केंद्र कशासाठी काढलं होतं तेच विसरणं.

विजेचं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस लाइट नव्हती. ते टोक झालं. रोजचा प्रश्न क्षणभर जाऊन येणाऱ्या लाइटचा आहे. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना निमिषभर अडखळतो, पंखा ते खपवून घेतो, कम्प्युटर रिस्टार्ट होतो. कम्प्युटर आणि कन्सोल ऑनलाइन यूपीएसवर घ्या, ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर चालेल. सगळं मिळून ३५० वॅट धरलं तर १५० एएचची एक चांगली बॅटरी तीन तासांच्या आसपास साथ देते, जुनी झाली की त्याच्या निम्मी. आरडीअ‍ॅडमिनमध्ये आरडीएअरप्लेच्या सेटिंगला ‘आधीचा लॉग उघडा’ आणि ‘अचानक बंद पडल्यास लॉग पुन्हा सुरू करा’ अशा अर्थाच्या दोन खुणा आहेत. त्या केल्या नाहीत तर कम्प्युटर उठतो, प्रोग्रॅम उघडतो आणि रिकाम्या पडद्यासमोर गप्प बसून राहतो. केंद्र मुकं, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळे दिवे हिरवे.

उठल्यावर घड्याळ बरोबर हवं. मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर२०३२, उतरला असेल आणि इंटरनेटही गेलेलं असेल तर कम्प्युटर कुठल्यातरी जुन्या तारखेला जागा होतो. तारखेला बांधलेले सगळे कट तेव्हा अवैध ठरतात: भरती गायब, जाहिराती गायब, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. सेल दर आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, बदला. साधा जीपीएस रिसीव्हर जोडून वेळ आकाशातून घेतली तर इंटरनेटची मिंधेगिरीही संपते.

अर्थिंगबद्दल लिहिण्याचं हे ठिकाण नव्हे, पण जांभ्या दगडाच्या सड्यावर मनोरा असेल तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. जांभा वीज नीट जिरू देत नाही. त्यातही मे महिन्यात, जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते तेव्हाच, वळवाच्या विजा येतात. एका खड्ड्यावर भागत नाही. दोन-तीन खड्डे, बेंटोनाइट, सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेली, आणि रोध ५ ओहमच्या आत आल्याशिवाय ठेकेदाराला सोडू नका. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर वेगळ्या खोल्यांत असतील तर मधली नेटवर्कची तार तांब्याची नको, फायबरची हवी. नाहीतर मनोऱ्यावर पडलेली वीज रिव्हेन्डेलच्या कम्प्युटरपर्यंत चालत येते.

रिव्हेन्डेलवर सगळा भरवसा टाकून सायलेन्स सेन्सर टाळणं हे मात्र कुणी करू नये. कन्सोलच्या आउटपुटवर बाहेरचा सेन्सर लावायचा, शांतता ठरल्याहून जास्त झाली की त्याने रिलेने एक साधा यूएसबी प्लेअर हवेत जोडायचा. किती सेकंद ठेवायचे यावर वाद होतो. सिनेसंगीताच्या केंद्राला दहा सेकंद पुष्कळ. आपल्याकडे दशावताराच्या रेकॉर्डिंगमध्ये राजा सिंहासनावर बसून प्रेक्षकांकडे नुसता बघतो तेव्हा मिनिटभर फक्त लांबून येणारी कुजबूज असते, आणि दहा सेकंदांचा सेन्सर राजाला खाली उतरवून बासरी सुरू करतो. पातळी उणे ४० डेसिबल, वेळ २५ ते ३० सेकंद, हे आमच्या मते बरं जमतं. यूएसबीवर वाद्यसंगीत आणि ‘थोड्याच वेळात पुन्हा भेटू’ एवढंच असावं. त्यात तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव काही नको.

झालेलं प्रसारण तीन महिने जपून ठेवायची अट सामुदायिक केंद्रांना आहे. आरडीकॅच तासातासाचं रेकॉर्डिंग आपोआप करतं. ६४ केबीपीएस मोनोला तासाला सुमारे २९ एमबी. रोज १६ तास, ९० दिवस, म्हणजे ४२ जीबीच्या आत. यात एकच आग्रह: रेकॉर्डिंग कन्सोलवरून न घेता एफएम रिसीव्हरवरून घ्या. कन्सोल ठणठणीत आणि केबलच्या जोडात खारं पाणी शिरून ट्रान्समीटर कण्हतोय, हे कन्सोलच्या रेकॉर्डिंगमध्ये कधीच सापडत नाही.

गुण द्यायचे तर मधे घुसण्याला पाचपैकी साडेचार, तारखेला बांधलेल्या सूचनांना पाच, शिकायला दोन, वेळ सांगण्याला एक. केंद्रात लिनक्सला न घाबरणारा एक तरी माणूस असेल आणि तो तालुक्यातच राहणारा असेल तर रिव्हेन्डेल घ्यावं. तो पुण्या-मुंबईहून फोनवर मदत करणार असेल तर झारारेडिओवर राहा, कारण ज्या दिवशी त्याची गरज लागेल त्या दिवशी फोनही बंद असेल. आणि ज्यांनी बसवलं आहे त्यांनी आगोटीच्या आधी एकदा दुपारी, न सांगता, निवेदकाच्या हाती एक कागद द्यावा: ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा.’ स्टॉपवॉच सुरू. पाच सेकंदांच्या आत आवाज हवेत गेला तर ठीक, पंधरा लागले तर सरावाचे फेरे वाढवा, आणि मोड ऑटोमॅटिकवर परत गेला की नाही हे बघूनच चहा सांगा.